ड्रमातल्या वन्सं

आमच्या कारखान्यात तिला सगळे वहिनी म्हणायचे. ती नक्की कुणाची वहिनी, हे कुणालाच माहीत नव्हतं. मालक वहिनी म्हणत, गेटवरचा वॉचमन वहिनी म्हणे, आणि तिच्यापेक्षा वयाने मोठा असलेला मुकादमसुद्धा "अहो वहिनी" म्हणून मान खाली घालायचा. एकदा तिचा नवरा विसरलेला डबा द्यायला आला, तर गडबडीत तोही गेटवर म्हणाला, "वहिनींना बोलवा जरा."

आमचा कारखाना नळाच्या तोट्यांना मुलामा द्यायचा. कळकट पितळ एका दाराने आत यायचं आणि आरशासारखं होऊन दुसऱ्या दाराने बाहेर जायचं. मधल्या वाटेत त्याला चार-पाच हौदांत बुचकळ्या माराव्या लागत, आणि ते हौद ज्यातून भरायचे ते ड्रम मागच्या शेडमध्ये ओळीने उभे असत. त्यांच्यावर बारीक अक्षरांत काहीतरी छापलेलं असे. ते आम्ही कधी वाचलं नाही. आम्ही ड्रम रंगावरून ओळखायचो.

वहिनी आली ती पॅकिंगला. पण ती बोलायला लागली की पॅकिंगच्या बायकांचे हात थांबत आणि तोंडं उघडी राहत. म्हणून तिला स्टोअरला पाठवलं. आठवड्याभरात स्टोअरकीपर मालकांकडे जाऊन म्हणाला, "मला माझ्या साडूच्या घरातली भांडणं माहीत नाहीत, पण हिच्या दिराच्या साडूची तोंडपाठ झाली आहेत." मग तिला पॉलिशला टाकलं. तिथे मशिनचा आवाज इतका, की माणसाला स्वतःचं खोकणं ऐकू येत नाही. मी तिच्या शेजारच्या मशिनवर होतो. दोनच दिवसांत ती हातवाऱ्यांनी बोलायला लागली, आणि तिसऱ्या दिवशी मला ते कळायला लागलं.

तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. मालकांनी एकदा गुपचूप दाढ काढून घेतली. कशी कोण जाणे, ते वहिनीला कळलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत साठ माणसांनी मालकांना एकेक करून विचारलं होतं, "आता बरं आहे ना?" आणि मालकांना प्रत्येकाला गालातल्या गालात, कापसाच्या बोळ्यासकट, "हो" म्हणावं लागलं होतं.

तर एके दिवशी इन्स्पेक्टर साहेब आले. कारखान्यात माणसं सुरक्षित आहेत की नाहीत हे बघणारे. मऊ बोलणारे, जरा वाकून चालणारे गृहस्थ. ते शेडमध्ये गेले. तिथे आमचा पैलवान उभा होता. पैलवान म्हणजे इतका किडकिडीत माणूस, की त्याचा पट्टा त्याला दोनदा गुंडाळावा लागे.

साहेबांनी एका पिंपाकडे बोट दाखवलं. "ह्यात काय आहे?"

"पांढरं," पैलवान म्हणाला.

"पांढरं काय?"

पैलवानाने जरा विचार केला. "पिवळं नाही ते."

"आणि ह्या ड्रममध्ये?"

"ते पाण्यासारखं आहे. पण पाणी नाही."

"हे तुम्हाला कसं कळलं?"

पैलवानाने खाली बघितलं. त्याच्या बुटाला पुढून भोक होतं आणि त्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. "बुटाला कळलं," तो म्हणाला.

साहेबांनी मालकांना बाजूला घेतलं. ते रागावले नाहीत, हेच वाईट. इतकंच म्हणाले, की माणूस रोज ज्याच्याशेजारी उभा राहतो ते काय आहे, त्याने काय होतं आणि झालं तर काय करायचं, हे त्याला माहीत असणं हा त्याचा हक्क आहे. मी परत येईन तेव्हा पुन्हा विचारीन.

मालकांनी दुसऱ्याच दिवशी माहितीचा कार्यक्रम ठेवला. बोलायला आमच्या केमिस्टबाई. बाई हुशार, मनाने चांगल्या, कामात एकदम चोख, पण आवाज असा की समोरच्याला वाटावं शेजारच्या खोलीत कुणीतरी वाचतंय. त्यात पडद्यावर चित्रं दाखवायची म्हणून दिवे बंद केलेले. चौथ्या चित्राला पैलवान घोरायला लागला. पाचव्याला मुकादम. दिवे लावले तेव्हा जागे दोघंच होते: केमिस्टबाई आणि वहिनी. वहिनी शेजारणीला तिसरीच काहीतरी गोष्ट सांगत होती, म्हणून ती जागी. शेजारीण झोपली होती.

पालथ्या घड्यावर पाणी. मालक डोकं धरून बसले. मग त्यांना काय सुचलं देव जाणे. त्यांनी वहिनीला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, तुम्हाला म्हणून सांगतो. कुणाला बोलू नका. तो निळा ड्रम आहे ना, त्यातल्या पाण्यासारख्या वस्तूने कातडी जळते. हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही. पण हे बाहेर कळता कामा नये."

चहाच्या वेळेपर्यंत कारखान्यातला प्रत्येक माणूस निळ्या ड्रमापासून चार हात लांबून चालत होता. रबरी हातमोज्यांची पेटी आजवर कुणी उघडली नव्हती, ती रिकामी झाली. वॉचमनने तर गेटवर बसून हातमोजे घातले होते. "माझ्यापर्यंत आलं तर?" तो म्हणाला.

संध्याकाळी मालकांनी जाहीर केलं, की उद्यापासून वहिनीचं काम एकच. केमिस्टबाईंकडून समजून घ्यायचं आणि सगळ्यांना सांगायचं.

वहिनी आनंदाने दोन दिवस गप्प होती. मग शिकवणी सुरू झाली, आणि अडचण आली ती नावांची. तिला एकही नाव बोलता येईना. सल्फ्युरिकचं ती सरपुरी करी, हायपोक्लोराइटचं हायकोर्ट. केमिस्टबाईंनी शेवटी नावं सोडून दिली आणि स्वभाव सांगायला सुरुवात केली.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "हे ॲसिड फार तीव्र. ह्याच्यावर वरून पाणी ओतायचं नाही. ओतलं तर उसळून अंगावर येतं. आधी पाणी घ्यायचं, आणि त्या पाण्यात हे थोडं थोडं सोडायचं."

वहिनीने टाळी वाजवली. "अहो, ह्या तर आमच्या वन्सं!"

वन्सं म्हणजे तिची थोरली नणंद. नवऱ्याची मोठी बहीण. "त्यांना वरून काही बोलायची सोय नाही," वहिनी म्हणाली, "तुम्ही एक शब्द टाका, त्या दहा होऊन अंगावर येतात. आमचे हे मात्र पाणी. वर्षानुवर्षं त्यांचं थोडं थोडं ऐकून घेतात, म्हणून घर उभं आहे."

मग काय, शेडमधलं सगळं सासर उलगडलं. पांढरा कॉस्टिक सोडा म्हणजे धाकट्या जाऊबाई. गोऱ्या, शांत, हाताला साबणासारख्या गुळगुळीत लागणाऱ्या. कातडी सोलली गेली आहे हे माणसाला मागाहून कळतं. केमिस्टबाई म्हणाल्या, "पण पाण्यात टाकला की हासुद्धा तापतो बरं का." वहिनी म्हणाली, "तापतात तर! शांत आहेत ते फक्त पाहुण्यांसमोर." थिनर म्हणजे मामा, तिचे मामेसासरे. झाकण उघडं राहिलं की उडून जाणारे, जवळ बसलं की डोकं धरवणारे, आणि कुणी काडी ओढली की एकदम भडकणारे. संडास धुवायचं ब्लीच म्हणजे आत्याबाई. त्यांचं आणि वन्संचं हाडवैर. "दोघी एकत्र आल्या तर?" वहिनीने विचारलं. केमिस्टबाई गंभीरपणे म्हणाल्या, "विषारी वायू होतो. खोली सोडून लगेच बाहेर पडायचं." वहिनी म्हणाली, "आम्ही तेच करतो."

तिची बोलणी शेडमध्येच व्हायची, उभ्याने. दिवे बंद नाहीत, पडदा नाही. "काल वन्सं घरी आल्या," अशी सुरुवात करायची, आणि माणसं कान टवकारून पुढे सरकायची. आम्हाला वाटे आपण चहाड्या ऐकतोय. घरी जाताना लक्षात यायचं, की आपल्याला ॲसिड कसं मिसळायचं ते पाठ झालंय. "आणि अंगावर उडालं तर?" ती विचारायची, आणि सगळे एका सुरात ओरडायचे, "पाणी!" "किती वेळ?" "कंटाळा येईपर्यंत!" "आणि कंटाळा आला की?" "अजून तितकंच!" "आणि मग?" "डॉक्टर!"

कारखान्याची भाषाच बदलली. मुकादम ओरडायचा, "अरे, मामांचं झाकण कुणी उघडं टाकलं?" कुणी गॉगल न घालता पिंपाकडे गेला की दुसरा म्हणायचा, "जाऊबाई डोळ्यांत जातील." झाडूवाल्याने एकदा ब्लीचची बाटली चुकून ॲसिडशेजारी ठेवली, तर तीन माणसं धावली. "आत्याबाईंना आधी बाहेर न्या!"

आता आमच्यात काही जणांना वाचता येत नसे. म्हणून वहिनी म्हणाली, ड्रमांवर चित्रं काढू. आमच्याकडे एक पेंटर होता, पेट्यांवर अक्षरं रंगवायचा. तो म्हणाला, "मी न बघितलेलं माणूस काढणार कसं?" वहिनीने घरातला जुना फोटो आणून दिला. सगळं कुटुंब ओळीने उभं. दुर्दैवाने पेंटर चांगला होता. त्याने वन्संचा अंबाडा काढला, कपाळावरची आठी काढली, हनुवटीवरचा तीळ काढला, आणि खाली लाल अक्षरांत लिहिलं, "धोका."

चित्रं मोठी आली, म्हणून ती ड्रमांवरच्या छापील चिठ्ठ्यांवरच चिकटवली. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

हे सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग खऱ्या वन्सं चार दिवस राहायला आल्या. वहिनीने त्या दिवशी रजा घेतली. आणि नेमकं त्याच दिवशी पैलवानाच्या हातून माप निसटलं आणि ॲसिड उडालं. हातमोजे होते, गॉगल होता, पण बाही वर गुंडाळलेली. कोपराजवळ शिंतोडे उडाले. पैलवान क्षणभरही थांबला नाही. शर्ट काढला, नळाखाली उभा राहिला, आणि ओरडायला लागला, "कंटाळा येईपर्यंत! कंटाळा येईपर्यंत!" मुकादमाने सांडलेल्यावर वाळू टाकली. सगळं जसं शिकवलं तसं झालं. फक्त एवढं धुणं पुरे झालं का ते वहिनीला विचारावं असं सगळ्यांना वाटलं, आणि फोन करायला मला पुढे केलं.

फोन तिच्या नवऱ्याने उचलला. हा चाव्या बनवणारा माणूस, दिवसभर कुलपांशी बसून बोलायचं विसरलेला.

"हॅलो," मी म्हणालो, "वहिनींना द्या लवकर. वन्सं पैलवानाच्या अंगावर उडाल्या!"

मग तो म्हणाला, "कधी?"

"आत्ताच!"

"पण ती तर इथे बसली आहे. चहा पितेय."

"तिथे कशा असतील? त्या ड्रममध्ये आहेत!"

"ड्रममध्ये?" त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं मला फोनवर ऐकू आलं.

"हो, बऱ्याचशा ड्रममध्ये आहेत. थोड्या जमिनीवर सांडल्यात. त्यांच्यावर वाळू टाकलीय."

फोन कुणीतरी हिसकावून घेतल्याचा आवाज आला. मग एक खणखणीत, प्रत्येक अक्षर वेगळं काढणारा आवाज कानात घुसला. "मी वन्सं बोलतेय."

माझी बोबडी वळली. आजही लोक मला ह्यावरून हसतात, पण त्या क्षणी दुसरं काही सुचलंच नाही. मी विचारलं, "ड्रममधून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं कारखान्याच्या गेटवर उभ्या होत्या. मागे वहिनी, तिचा चेहरा पिळून वाळत घातलेल्या फडक्यासारखा. वॉचमनने वन्संकडे बघितलं, आणि शेडमधल्या चित्राशी त्याची ओळख असल्यामुळे तो खुर्चीसकट मागे सरकला. पण कर्तव्य ते कर्तव्य. हात लांब करून त्याने त्यांना गॉगल दिला. "ह्याशिवाय आत सोडता येत नाही, बाई. तुम्हीच आत आहात."

वन्संनी गॉगल लावला आणि सरळ शेडमध्ये गेल्या. ड्रमासमोर उभ्या राहिल्या. ड्रमावरच्या वन्सं त्यांच्याकडे बघत होत्या, त्या ड्रमावरच्या वन्संकडे. दोघींच्या कपाळावर तीच आठी.

वहिनी म्हणाली, "वन्सं, मी सांगते तुम्हाला—"

"तू गप्प बस." मग त्या पैलवानाकडे वळल्या. त्याच्या कोपराला पट्टी होती. "तू सांग. ही मी काय करते?"

पैलवान भोळा. त्याने खरं ते सांगितलं. "तुमचा फार मान ठेवावा लागतो. हात धुतल्याशिवाय आणि हातमोजे घातल्याशिवाय तुमच्यासमोर कुणी येत नाही. तुमच्यावर वरून काही ओतायचं नाही. तुम्हाला उचलायचं तर दोघांनी. आणि तुमच्याजवळ उभं राहून कुणी चेष्टामस्करी करायची नाही."

वन्संनी पदर सारखा केला. मग वहिनीकडे वळून म्हणाल्या, "बघ. शिकून घे जरा. परकी माणसं आहेत, पण रीत आहे."

वहिनीचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच इन्स्पेक्टर साहेब आत आले. कारखान्यात कुणाला इजा झाली की कळवावं लागतं; मालकांनी कालच कळवलं होतं. साहेबांनी पैलवानाला विचारलं, "काल काय झालं?"

"वन्सं उडाल्या," पैलवान म्हणाला.

"मी उडाले नाही!" वन्सं म्हणाल्या.

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. मग ड्रमाकडे. मग पुन्हा त्यांच्याकडे. "आपण?"

"मी वन्सं."

"हं," साहेब म्हणाले. त्यांच्या नोकरीत त्यांनी बरंच काही बघितलं असावं. त्यांनी वहिनीचा सगळा कारभार शांतपणे ऐकून घेतला. माणसांना एकेक प्रश्न विचारला. प्रत्येकाने धडाधड उत्तर दिलं. मालकांची छाती फुगत चालली. मग साहेबांनी पैलवानाला विचारलं, "डॉक्टरांकडे गेलात, तेव्हा त्यांना काय सांगितलंत?"

पैलवान म्हणाला, "त्यांनी विचारलं काय झालं. मी म्हटलं, वन्सं अंगावर आल्या."

"मग?"

"ते म्हणाले, कुणाच्या? मी म्हटलं, वहिनींच्या. त्यांनी दार लावून घेतलं आणि विचारलं, घरातली बाकीची माणसं कुठे होती? मी म्हटलं, मामा कोपऱ्यात होते, झाकण लावून. जाऊबाई पिंपात."

"आणि त्यांनी औषध काय दिलं?"

"ओरखड्याचं मलम. आणि म्हणाले, नात्यात एवढं ताणू नये."

शेडमधले सगळे हसले. साहेब हसले नाहीत. ते त्यांच्या मऊ आवाजात म्हणाले, "ह्यांनी वेळेवर आणि भरपूर धुतलं म्हणून निभावलं. उद्या डोळ्यात गेलं, आणि डॉक्टरांनी विचारलं कशाने, तर वन्संवर इलाज कुठल्या पुस्तकात शोधतील ते? इथे आग लागली आणि बंबवाल्यांनी विचारलं त्या कोपऱ्यात काय आहे, तर तुम्ही सांगणार, मामा? ते म्हणतील, मग त्यांना आधी बाहेर काढा. आणि त्याहून मोठी गोष्ट. जी चिठ्ठी डॉक्टरला दाखवायची, तिच्यावरच तुम्ही हे चित्र डकवलंय."

केमिस्टबाई पुढे झाल्या. "साहेब, हे माझ्या डोळ्यांदेखत झालं. मला कळायला हवं होतं."

वहिनीला मी पहिल्यांदाच बोलण्यासारखं असताना गप्प बघत होतो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि गॉगल असल्यामुळे ते पुसताही येत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "पण साहेब, मला ती नावं येत नाहीत हो. जीभ वळतच नाही."

तेव्हा वन्संनी घसा खाकरला. "वळेल," त्या म्हणाल्या.

वन्संबद्धची एक गोष्ट वहिनीने आम्हाला कधी सांगितली नव्हती, कारण तिच्या दृष्टीने ती तक्रारीत बसत नव्हती. वन्संनी सगळी नोकरी बसस्थानकावर गाड्या पुकारण्यात काढली होती. कर्कश्श भोंग्यातून, गर्दीत, गोंधळात, म्हाताऱ्याकोताऱ्यालाही आपली गाडी कळेल असं बोलायचं, हे त्यांचं काम. त्यांनी ड्रमावरचं चित्र अलगद सोडवून बाजूला चिकटवलं, खालची छापील चिठ्ठी वाचली, आणि त्यांचा तो आवाज पत्र्याच्या शेडमध्ये घुमला. "कृपया लक्ष द्या! सल्फ्युरिक! ॲसिड! निळ्या ड्रममध्ये! उभे आहे!"

साठ माणसं आपोआप सावध होऊन उभी राहिली. दोघातिघांनी तर पिशव्या उचलल्या.

"म्हण," वन्सं वहिनीला म्हणाल्या.

"सरपुरी—"

"गाडी चुकली. परत."

चार दिवसांसाठी आलेल्या वन्सं मग महिनाभर राहिल्या. रोज जेवणाच्या सुट्टीत त्या यायच्या, गॉगल लावायच्या, आणि नावं पुकारायच्या. सगळ्या कारखान्याने ती त्यांच्यामागून पुकारायची. सोडियम! हायड्रॉक्साइड! वहिनीची जीभ हळूहळू वळली. घरीही सराव चालायचा. नवरा किल्ली घासत बसलेला, आणि आतल्या खोलीतून नणंद-भावजय आलटून पालटून ॲसिडं पुकारतायत. त्याच्याकडे चावी करून घ्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाने विचारलं, "आत काय चाललंय?" तो म्हणाला, "पटायला लागलंय त्यांचं."

साहेबांनी एक गोष्ट मान्य केली होती. कागदावरचं खरं नाव, धोक्याची खूण आणि काय करायचं ते वर, ठळक, कुठेही न झाकता. घरचं नाव आणि चित्र शेजारी ठेवायचं तर ठेवा. "तो तुमच्या घरातला प्रश्न आहे," ते म्हणाले. चित्रं ठेवायला वन्संची हरकत नव्हती, पण एक अट होती. त्या जुन्या फोटोच्या दिवशी त्यांची दाढ ठणकत होती. चित्र नवीन काढायचं, आणि त्यांना समोर बसवून. पेंटरने त्यांना खुर्ची दिली. त्या गॉगल आणि रबरी हातमोजे घालून ताठ बसल्या. मामांनी फोनवरून कळवलं, की आपलं चित्र टोपी घालून काढावं. धाकट्या जाऊबाई काहीच बोलल्या नाहीत, पण पुढच्या भेटीत वहिनीशी इतक्या गोड वागल्या की वहिनी घरी येऊन आधी हात तपासून बघत होती.

पैलवान त्याच डॉक्टरांकडे परत गेला आणि खरं नाव ठणठणीत आवाजात पुकारून आला. डॉक्टरांनी योग्य ते औषध दिलं आणि मग विचारलं, "पण त्या बाई कोण?"

वहिनीची कीर्ती पसरली. आसपासच्या कारखान्यांत तिला बोलवायला लागले. मालकांनी हौसेने तिला पाठवलं, सोबत केमिस्टबाई, आणि हातमोजे-गॉगलची पेटी उचलायला मी. पहिलं बोलावणं आलं ते एका मोठ्या लाँड्रीचं. दिवसभर चादरी आणि टॉवेल धुणारी वीस-पंचवीस बायांची फौज, वाफेने लाल झालेली तोंडं, आणि मागे बसलेले त्यांचे मालक, हाताची घडी घालून.

वहिनीने आधी खरं नाव सांगितलं. सोडियम हायपोक्लोराइट. सगळ्यांकडून तीनतीनदा पुकारून घेतलं. ड्रमावरचं कुठे वाचायचं ते दाखवलं. मग तिने पदर खोचला आणि ती म्हणाली, "हं. आता सांगा. ह्या ब्लीचसारखं तुमच्या घरात कोण आहे?"

मग मागून एक बारीक आवाज आला. "माझी सासू."

"तुझी सासू?" दुसरी उसळली. "तुझी सासू म्हणजे साबणाचं पाणी! ब्लीच म्हणजे माझी सासू!"

घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते काही खोटं नाही. एकदम सगळ्या बोलायला लागल्या. वहिनीने हात वर केला. "मान एकालाच मिळेल. उभं राहून कारण सांगायचं. आणि कारण ब्लीचलाही लागू पडलं पाहिजे, नाहीतर बाद."

"माझी सासू आली की सगळ्यांचा रंग उडतो!"

"चालेल," केमिस्टबाई म्हणाल्या.

"माझ्या सासूजवळ कोंडलेल्या खोलीत बसलं की नाकाडोळ्यांतून पाणी येतं!"

"चालेल. म्हणून खिडक्या उघड्या ठेवायच्या."

"माझ्या सासूचं तिच्या विहिणीशी एक मिनिट पटत नाही!"

"ब्लीचचं कुणाशी पटत नाही?" वहिनीने विचारलं, आणि पंचवीस जणी ओरडल्या, "ॲसिडशी!"

"माझी सासू दुपारी झोपते!"

"बाद," केमिस्टबाई म्हणाल्या.

तेवढ्यात मागून लाँड्रीच्या मालकांनी हाताची घडी सोडली. इकडेतिकडे बघून ते हळूच म्हणाले, "बायकांचीच माणसं चालतात का? कारण माझा मेहुणा... जुना झाला की जोर कमी होतो, पण बाटली बदलून ठेवला की ओळखू येत नाही आणि घात करतो."

बायका त्यांच्याकडे वळून बघायला लागल्या. केमिस्टबाईंनी मान डोलावली. हे दोन्ही मुद्दे बरोबर होते, आणि दुसरा तर फार महत्त्वाचा. वहिनीने मतं घेतली. मेहुणा निवडून आला. त्या पहिल्या दोन सुनांना मात्र निकाल मान्य नव्हता. आम्ही पेटी आवरून निघालो तेव्हा त्या दोघी हातमोजे चढवून, गॉगल लावून, खिडक्या उघडून, ड्रमाच्या दोन बाजूंना उभ्या राहून तावातावाने भांडत होत्या.